डाव्या हाताचं जहाज

जानरावनं शर्त लावली तेव्हा त्याचा उजवा हात मांडीवर निपचित पडून होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, ही काय शर्त झाली! लाकडाचं एक जहाज तर पुरं करायचं.

शर्त अशी. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जहाज दोऱ्याकाठ्यांसकट उभं राहिलं, तर जानराव आणि त्याची बायको सोजरबाई आपल्या गावातच, रिठदला राहणार. नाही राहिलं, तर घराला कुलूप, शेत बटाईनं, आणि दोघांनी मुकाट्यानं पोराच्या गाडीत बसून पुण्याला जायचं. बापानं लावली, पोरानं मान्य केली. सोजरबाई तेव्हा चहा गाळत होती.

जानराव पंधरा वर्षं नेव्हीत होता. ज्या तालुक्यात पाणी पाहायचं तर पैनगंगेचं, तेही श्रावणात, तिथला माणूस समुद्रावर गेला आणि परत आला तो डोक्यात समुद्र घेऊन. हळद लावली, सोयाबीन पेरलं, सगळं केलं. पण चित्त कुठं? साठी उलटल्यावर त्यानं कारंज्याच्या रज्जाक मिस्त्रीकडून सागवानाचा एक सांगाडा करून घेतला. मराठ्यांच्या आरमारात गुराब नावाचं लढाऊ जहाज असायचं, तसा. पुढं लांब निघालेलं नाक, दोन डोलकाठ्या, दोन्ही अंगांना पितळेच्या बोटाएवढ्या तोफा. रज्जाकनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण सांगाडा असा उतरवला की जानराव कितीतरी वेळ त्याच्यावरून नुसता हात फिरवत बसला. दोऱ्यांचं काम मात्र त्यानं कोणाला देऊ केलं नाही. "दोऱ्या माह्या," म्हणाला.

आणि नेमका दिवाळीनंतर लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय कसाबसा काठीवर आला, हात आलाच नाही. जीभही अडायला लागली. एरवी बरा बोलायचा, पण राग आला किंवा घाई झाली की हवा तो शब्द घशात रुतून बसायचा आणि भलताच बाहेर पडायचा.

शिवम, त्याचा एकुलता एक पोरगा, पुण्याहून धावत आला. दवाखाना, गोळ्या, मालिश, सगळं पाहिलं. जाताना म्हणाला, "बाबा, आता इथं तुमच्याच्यानं काही होत नाही. चला माझ्या संग." चांगल्या मनानंच म्हणाला हो पोरगा. पण 'तुमच्याच्यानं होत नाही' एवढं जानरावच्या टाळक्यात गेलं.

"काय होत नाही माह्याच्यानं? ते जहाज पाह्य. आखाजीले ये. त्याच्यावर एक दोरी कमी दिसली तं मी गाडीत बसलो म्हणून समज!"

आज आखाजी होती. शिवम सकाळीच पुण्याहून निघाला होता, आणि मोठ्या डोलकाठीच्या दोऱ्यांची शेवटची जोडी अजून बांधायची होती.

या दोऱ्यांना जानराव 'ताण' म्हणायचा. डोलकाठी नुसती रोवून उभी राहत नसते. तिच्या शेंड्यापासून दोन्ही अंगांना ताण उतरतात आणि खाली जहाजाच्या कडेला भोकं पाडलेल्या लाकडी मण्यांतून ओवून गाठले जातात. डावे ताण डावीकडं ओढतात, उजवे उजवीकडं. दोन्हींचा जोर सारखा असला तरच काठी सरळ. एक बाजू जराशी जास्त ओढली गेली की काठी तिकडं कलली. म्हणून ताण जोडीनंच बांधायचे, एक या अंगाचा, एक त्या अंगाचा, एकाच वेळी, सारख्या ओढीनं. सांगायला सोपं. जानरावला हात एकच. दुसरा हात सोजरबाईचा.

म्हणजे शर्त एकट्याची आणि काम दोघांचं. जानरावच्या हे ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण ध्यानात आलेली प्रत्येक गोष्ट कबूल केली तर तो जानराव कसला?

आणि खरी गोम पुढंच होती. सोजरबाईला पुण्याला जायचं होतं.

ती तसं म्हणाली नव्हती. पण माघात शिवमला पोरगी झाली, आणि तेव्हापासून ही बाई रोज फोनच्या काचेत तोंड घालून बसायची. सूनबाई ज्योत्स्ना पलीकडून पोरीला धरायची आणि ही इकडून काचेलाच बोट लावायची, नाकाला, हनुवटीला. फोन ठेवला की पदरानं काच पुसायची. जानराव सगळं पाहायचा आणि न पाहिल्यासारखं करायचा. अशा बाईच्या हातात आपल्या शर्तीचा अर्धा दोरा! तिनं सूतभर ढील सोडायची, बस. कोणाला कळणारसुद्धा नाही.

"ढील सोडली तू," जानराव म्हणाला.

टेबलाच्या दोन बाजूंना दोघं समोरासमोर बसले होते, मधे जहाज. खिडकीकडच्या डाव्या अंगाला तो, दाराकडच्या उजव्या अंगाला ती.

"नाई सोडली."

"सोडली. काठी माह्याकडं आली."

"मंग तुमी जास्त वढलं असन."

"मी? मी नेव्हीत पंधरा वर्षं दोरच वढले! मले शिकवतं?"

"तिथं दोन हातानं वढले असन," सोजरबाई म्हणाली, आणि लगेच तिनं ओठ दाताखाली धरला. जानरावचं तोंड लाल झालं. पण भांडायला वेळ नव्हता. त्यानं पुन्हा दोरा बोटाला गुंडाळला. "वढ," म्हणाला. तिनं ओढला. "अजून. थांब. थांब म्हणलं ना!"

शिवरात्रीपासून हे असंच चाललं होतं. रोज दुपारी टेबल, रोज दोरा, आणि रोज 'ढील सोडली तू'. सोजरबाईच्या तर्जनीवर दोऱ्यानं बारीक खाच पडली होती.

"मी म्हणलं होतं, दोऱ्याले मेण लावा," गाठ मारता मारता ती म्हणाली. "मेण लावलं असतं तं दोरा असा पिंजला नसता."

"मेणानं दोरा पिवळा दिसते. जहाज हाये ते, गोधडी नाई."

खरं कारण ते नव्हतंच. मेण लावलेला दोरा गुळगुळीत होतो, आणि डाव्या हाताच्या अडाणी बोटांतून तो सारखा निसटायचा. एकदा त्यानं चोरून लावून पाहिलं होतं. गाठ काही बसेना. तेव्हा मेणाचा गोळा त्यानं खिडकीतून बाहेर फेकला आणि जाहीर केलं की मेण वाईट दिसतं. रज्जाकनं नायलॉनचा दोरा देऊ केला होता, तोही नाकारला. "कापसाच्या मुलखातलं जहाज, त्याले नायलॉन कायले?" सगळ्या दोऱ्या शुद्ध सुताच्या, कोऱ्या. दिसायला होत्याही देखण्या.

शेवटची गाठ बसली. जानरावनं एक डोळा मिटून काठी पाहिली. सरळ! हळदीच्या वाफ्यावर धरलेल्या सुतळीसारखी सरळ. त्याच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

"झालं?" सोजरबाईनं विचारलं.

"निशाण राह्यलं." शर्टाच्या खिशातून त्यानं नखाएवढं केशरी फडकं काढलं. सोजरबाईच्या जुन्या लुगड्याच्या पदराचं होतं, कडेनं मुंगीएवढे टाके घालून तिनंच शिवलेलं. "निशाण शेवटी. निशाण चढलं का जहाज पुरं झालं. शिवमच्या देखत चढवीन मी, ह्याच हातानं." त्यानं ते परत खिशात ठेवलं. मग घाम पुसत म्हणाला, "खोलीची भट्टी झाली. कूलर भरून ठेव. पोरगं उन्हातून येईन."

सोजरबाईनं बादलीवर बादली ओतून कूलर भरला. खस भिजली, कूलर घरघरायला लागला, थंड हवेचा झोत खोलीत आला. जानरावनं खुर्चीतच मान टेकवली. आतल्या घरातून आमरसाचा आणि तळलेल्या कुरडयांचा वास येत होता. जितलो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचा डोळा लागला.

करकर आवाज झाला.

आधी त्याला वाटलं, दार वाजलं. मग पुन्हा झाला, अगदी बारीक, जवळून. जानरावनं डोळे उघडले. मोठी डोलकाठी खिडकीकडं कलली होती. थोडी नाही, चांगली दिसेल इतकी. डावीकडचे ताण सतारीच्या तारांसारखे टणक झाले होते, उजवीकडचे कोरडे दोरे त्या ओढीनं लांबले होते. आणि काठीच्या बुडाशी, जिथं ती जहाजात शिरते तिथं, लाकूड करकरत होतं.

कूलर! खिडकीतला कूलर पुऱ्या वेगानं पाण्याचे बारीक तुषार फेकत होता, आणि ते सरळ जहाजाच्या डाव्या अंगावर येत होते. कोरं सूत पाणी प्यालं की आखडतं. पंधरा वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं? होतं! पण वैशाखातल्या रिठदात, जिथं धुतलेलं लुगडं पिळेपर्यंत वाळतं, तिथं ओलाव्याचं भय कोणाच्या मनात येणार?

"सोजर!" तो ओरडला.

ती धावत आली, पिठाच्या हातानं. एका नजरेत तिनं पाहिलं आणि कूलरचं बटण बंद केलं. पण दोरे जे प्यायचं ते पिऊन बसले होते. काठी करकरली.

"तू... तू लावला!" जानरावचा सगळा राग एकदम तोंडाला आला. "मुद्दाम! पुण्याले जाचं म्हणून! बुड... बुडवलं मले!"

"तुमीच तं म्हणलं, कूलर भर!"

"तिकून लावाले म्हणलं होतं काय?"

"खिडकी एकच हाये घराले!" सोजरबाईचाही आवाज चढला, आणि तिचा आवाज चढलेला त्यानं क्वचितच ऐकला होता. "आन मले बुडवाचंच असतं ना, तं एवढा खटाटोप कायले केला असता? कैचीनं एक दोरा कापला असता. रोज कैची माह्याच हाताशी असते!"

खरं होतं ते. पण खरंखोटं करायची ही वेळच नव्हती. त्यानं सुई उचलली आणि डावीकडच्या पहिल्या ताणाची गाठ सैल करायला गेला. ओली गाठ फुगून दगड झाली होती. सुईचं टोक शिरेना. सुई सटकून सागवानावर ओरखडा गेला. ताण कापावेत, तर सगळी डावी बाजू नव्यानं बांधावी लागणार. शिवम येईपर्यंत? शक्यच नाही.

फोन वाजला. सोजरबाईनं उचलला.

"आई, रिसोड सोडलं बरं. आलोच."

"ये बापू. आरामानं ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला. रिसोडहून रिठदला गाडीनं यायला किती वेळ लागतो?

आणि तेवढ्यात जानरावला उपाय सुचला. डावी बाजू सैल होत नाही ना? मग उजवीही तेवढीच ओढून घ्यायची! तिलाही पाणी पाजायचं. डोक्यात लख्ख होतं सगळं. पण तोंडात? "सोजर, ते... इकून... बैल..." बैल नाही! त्यानं जोरानं मान हलवली. "बैल... खाली... बा..." घाम डोळ्यांत उतरला. पाणी हा एवढासा शब्द, लेकरंसुद्धा आधी तोच शिकतात, आणि तो येईना. रडू यायची वेळ आली. काठीनं पुन्हा आवाज केला. "बाज!" तो किंचाळला. "बाज! बाज!"

दर उन्हाळ्यात अंगणातली सुतळीची बाज ढिली व्हायची. मग संध्याकाळी सोजरबाई तिच्यावर तांब्याभर पाणी शिंपडायची, आणि निजायच्या वेळेपर्यंत बाज टणक होऊन बसायची. लग्न झालं तेव्हापासून ती हेच करत आली होती.

सोजरबाईला समजलं. तिच्या डोळ्यांत जानरावला ते स्पष्ट दिसलं. पण ती हलली नाही.

तिनं जहाजाकडं पाहिलं. मग शेल्फवरच्या फोनकडं पाहिलं. तिनं नुसतं म्हणायचं होतं, तुमचं बोलणं मले समजून नाही राह्यलं. एवढंच. लकव्याच्या माणसाचं बोलणं न समजल्याबद्दल जगात कोणी कोणाला बोल लावत नाही. काठी आपोआप मोडली असती, आणि उद्यापर्यंत नात तिच्या मांडीवर असती. जानरावला तर म्हणायला शब्दही नव्हता आणि तोंडही नव्हतं.

सोजरबाईनं पदराचं टोक कूलरच्या टाकीत बुडवलं, आणि उजवीकडच्या पहिल्या ताणावर पिळलं.

वरून खाली, थेंब थेंब. मग दुसऱ्या ताणावर. मग तिसऱ्या. बोटानं दोरा निरपत, पाणी सुतात मुरवत ती पुढं सरकत होती. जानरावनं डावा हात काठीच्या बुडाशी धरला. आता दोन्हीकडून ओढ बसणार होती, आणि सागवान कितीही जातीचं असलं तरी काठी शेवटी करंगळीएवढीच. मधेच मोडली तर? बोटांखाली लाकूड थरथरलेलं त्याला कळत होतं. उजवीकडचे दोरे हळूहळू भरत आले. ते आखडले. काठी करकर करत खिडकीकडून हलली, जराशी, अजून जराशी.

"बस!" जानराव म्हणाला. हा शब्द मात्र बरोबर आला.

सोजरबाईनं हात मागं घेतला. दोघंही काठीकडं पाहत राहिले. आवाज थांबला होता. काठी सरळ उभी होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, आणि सोजरबाई तोंड पुसत आतल्या घरात गेली.

शिवम आला तो बुटासकट टेबलापाशी. वाकून त्यानं जहाज चारी बाजूंनी पाहिलं. डोलकाठ्या, शिडं, तोफा, ताणांवर आडव्या बांधलेल्या दोऱ्यांची ती खलाशांची शिडी. मग सरळ झाला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"मानलं बाबा. मी चुकलो. तुमी शर्त जितली. राहा इथंच, मी पुन्हा विषय काढणार नाही."

जानरावची छाती फुगली. किती महिन्यांनी फुगली होती! त्यानं आतल्या दाराकडं पाहिलं, सोजरनं हे ऐकायला पाहिजे होतं म्हणून. सोजरबाई दारातच उभी होती. लुगडं बदललेलं, हातात निळी बॅग.

"हे काय?" जानरावनं विचारलं.

"मी चालली शिवमच्या संग," ती म्हणाली. "नातीले पाहून येतो. आठ दिवस लागतीन, नाईतं महिना."

"अन् मी?"

"तुमी जितले ना? तुमच्याच्यानं सगळं होते, हेच तं दाखवाचं होतं. भाकरी झाकून ठेवल्या हायेत. रस फ्रिजात हाये. गोळ्या डबीत, सकाळच्या येगळ्या, रातच्या येगळ्या." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, जानराव रागाला राग देऊ शकला असता. "शर्त तुमची दोघाईची होती. माही कोणी लावलीच नव्हती. मले कोणी इचारलंबी नव्हतं."

"आई, असं काय करतं? बाबाईले एकटं कसं..." शिवम म्हणाला.

"राहतीन ते. मजबूत हायेत."

जानराव तिच्या हाताकडं पाहत होता. बॅगेचा बंद धरलेला उजवा हात. बोटं पाण्यानं सुरकुतलेली, तर्जनीवर दोऱ्याची खाच. शिवरात्रीपासून या हातानं त्याच्या विरुद्ध बाजूचा प्रत्येक दोरा धरला होता. एकदाही ढील सोडली नव्हती. आणि आपण रोज म्हणत आलो, ढील सोडली तू, ढील सोडली तू. जानरावला स्वतःची लाज वाटली. इतकी वाटली की शिवमकडं पाहवेना.

"शिवम," तो म्हणाला. "शर्त काय होती आपली?"

"जहाज पुरं करायची."

"मंग नीट पाह्य. पुरं हाये काय?"

शिवम गोंधळला. पुन्हा वाकला. "आता काय कमी आहे याच्यात?"

"निशाण नाई," जानराव म्हणाला. एकेक शब्द सावकाश, जपून काढत होता. "निशाणाबिगर जहाज पुरं नसते. नेव्हीत कोणालेबी इचार. हारलो मी. काढ माही बॅग."

शिवम बापाकडं पाहतच राहिला. सोजरबाईनं बॅग खाली ठेवली आणि जानरावपाशी आली. निशाण कुठं आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्याचं केशरी टोक शर्टाच्या खिशातून वर आलेलं होतं. शिवमची नजर कधीही तिकडं जाणार होती.

तिनं ते टोक बोटानं खिशात आत ढकललं.

"तुमच्या गोळ्याची डबी घेऊन येतो," ती म्हणाली आणि आत गेली.